नऊ इंचांचा दंड

बाई आमच्या तळेघरात आल्या आणि आठ दिवसांच्या आत त्यांनी माझा टेप पळवला.

मी शिंपी. एस.टी. थांबते तिथं समोरच माझं दुकान, मागं घर. शिंप्याचा टेप कायम गळ्यात असतो. तो गळ्यातून काढून नेला, म्हणजे बाई कशा असतील ते बघा. मागितला नाही, विचारलं नाही. उपकेंद्रावर नवीन आलेली नर्स, पांढरं लुगडं घोट्याच्या वर खोचलेलं, खाली पुरुषांचे गमबूट, काखेत पुरुषांचीच काळी छत्री. दुकानात शिरल्या, टेप ओढला, स्वतःच्या दंडाला गुंडाळला आणि म्हणाल्या, "ह्यो बरोबर दाखवतोय. आमाला दिलेला इथल्या दमट हवेनं ताणलाय." माझीच कात्री उचलली, टेप वीस इंचांवर कापला आणि गेल्या. उरलेला तुकडा माझ्या गळ्यात परत घातला एवढे उपकार.

पुढच्या आठवड्यात तो टेप पाहिला तर नऊ इंचांवर लाल रेघ. नखांना लावायच्या रंगाची. तेवढ्यासाठी बाईंनी मंचरवरून बाटली आणली होती. नाहीतर त्यांच्या नखांना आयोडीनशिवाय दुसरा रंग कुणी पाहिलेला नाही.

बाई मूळच्या आणे गावच्या. पठारावरच्या, कोरड्या मुलखातल्या. आमच्याकडच्या पावसाला त्या शिव्या द्यायच्या त्या ऐकायला लोक थांबायचे. त्यांचं काम काय, तर वाड्यावस्त्यांवर पायी फिरायचं, पोटुशा बायका शोधायच्या, गोळ्या द्यायच्या, सुया टोचायच्या. हे सगळ्याच नर्सा करतात. पण ह्या बाईंना मोजायचा नाद होता. दिसलं की मोज.

गोणपाटात बांधलेला एक वजनकाटा डोक्यावर घेऊन त्या डोंगर चढायच्या. कुणाच्याही घरी गेल्या की आधी स्वतः काट्यावर उभ्या राहायच्या. "माझं वजन बावन्न. ह्यानं पंचावन्न दावलं तर काटा बिघडलाय, मी न्हाई." मग काटा ठोकायच्या, फिरवायच्या, खाली सपाट दगड सरकवायच्या, बावन्न आले की मगच घरच्या बाईला बोलवायच्या. तरी त्यांचा काट्यावर भरवसा नव्हता. म्हणायच्या, "पोटात पोर वाडतं, पायावर सूज येती, काटा आपला फुडं सरकतोय. घरचे म्हणत्यात, चला, बाई भरली. वजन दोघांचं असतंय, टेलर. दंड एकटीचा."

हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. तेव्हा कान दिला नाही.

माझ्या दुकानाच्या चौकटीवर त्यांनी चाकूनं एक खाच पाडली, पावणेपाच फुटांवर. पोटुशी बाई एस.टी.ची वाट बघत उभी असली की तिला त्या खाचेला टेकवायच्या. डोकं खाचेच्या खाली राहिलं तर तिला तिथंच सांगायच्या की तुझं बाळंतपण घरी करायचं नाही, दवाखान्यात जायचं, अंगानं लहान बाई अडते. एकदा एक कंडक्टर पाणी प्यायला आत आला. त्यालाही टेकवला. खाचेच्या दोनच बोटं वर निघाला. "थोडक्यात वाचलात, पावणं," म्हणाल्या. अख्ख्या गाडीतली माणसं हसली. त्यानंतर तो कंडक्टर माझ्याकडं पाणी प्यायला आला नाही.

दंड मोजायची त्यांची रीत अशी. डावा हात. खांद्याच्या हाडापासून कोपरापर्यंत टेप लावायचा, दुमडून मध्य काढायचा, तिथं पेनानं निळा ठिपका द्यायचा आणि ठिपक्यावर टेप गुंडाळायचा. आवळायचा नाही, ढिला सोडायचा नाही. शिंपी म्हणून सांगतो, हात बसलेला होता. पण त्या ठिपक्यानं घोटाळा केला. बाजारात बाईच्या दंडावर निळा ठिपका दिसला की लोकांनी समजायचं, हिला दिवस गेलेत. ज्या सुनेनं अजून सासूला सांगितलं नाही, तिची बातमी भाजीवालीला आधी. बायका चिडल्या. बाईंना बघितलं की पदर दंडावर ओढून दुसऱ्या वाटेनं जायच्या. मग बाईंनी काय करावं? ठिपके बंद नाही केले. सगळ्यांनाच द्यायला लागल्या. म्हाताऱ्या, पोस्टमन, सरपंच, मी. महिनाभर आख्खं तळेघर डाव्या दंडावर ठिपका घेऊन हिंडत होतं. सरपंच दहा इंच भरले. ते बाईंनी ग्रामपंचायतीच्या पायरीवर उभं राहून सांगितलं, आणि भाषणाला एवढं बळ कुठून येतं असंही विचारलं.

दंडावरून झालेली खरी गंमत तर वेगळीच. एका वाडीवर त्यांनी आदल्या दिवशी कोतवालाच्या तोंडी निरोप धाडला होता, की गरोदर बायकांच्या दंडाचं माप घ्यायला येतेय. कोतवालानं जाताना माप वाटेतच सांडलं. वाडीत जाऊन ओरडला, "उद्या नर्सबाई पोटुश्या बायकांचा दंड घ्यायला येणार हायेत." आमच्याकडं लाकूडफाटा तोडला तरी दंड, गुरं शिरली तरी दंड. आता पोटुशी राहिलं तरी दंड, अशी बोंब झाली. दुसऱ्या दिवशी बाई काटा घेऊन दोन तास चढून गेल्या, तर वाडी ओस. बायका गुरांमागं रानात. एक म्हातारी तेवढी मागं राहिलेली. तिनं पायांना बांधलेली कोंबडी पुढं केली आणि म्हणाली, "येवडं घ्या, बाई, आन् माज्या सुनंला सोडा."

बाईंनी कोंबडी हातात घेतली, तंगडी चाचपली, आणि म्हणाल्या, "हिची तंगडी तुज्या सुनंच्या दंडापरीस भरतीय का बगू. बोलव तिला."

त्या दिवसापासून बाईंनी तो शब्दच उचलला. म्हणाल्या, लोकांना दंडच कळतो तर दंडच लावू, पण बाईला नाही, नवऱ्याला. जिचा दंड लाल रेघेच्या आत, म्हणजे नऊ इंचांपेक्षा कमी, तिच्या नवऱ्याला शिक्षा अशी की पोर होईपर्यंत त्यानं बायकोला आपल्या हातानं वाढायचं, तिचं जेवण होईपर्यंत समोर बसायचं आणि मग स्वतः जेवायचं. नाचणीची भाकरी, शेंगदाणे, गूळ, अंडं मिळालं तर अंडं. ऐकून बाप्ये हसायचे. बाई ऐन जेवणाच्या वेळेला न सांगता दारात उभ्या राहायच्या, आणि मग हसायचे नाहीत.

मीही हसणाऱ्यांतलाच.

आता माझ्या वहीबद्दल सांगतो. मी चौथी शिकलेला. पण मापाची वही नेटकी. नाव, वाडी, छाती, कंबर, बाहीची उंची, दंडाचा घेर. बाई एस.टी.ची वाट बघत माझ्या बाकावर बसायच्या आणि ती वही पेपर वाचावा तशी वाचायच्या. कुणाची माणसं तर म्हणतील, बायकांची मापं बाहेरच्याला कशी दाखवली. पण त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती, त्या विचारायच्याच नाहीत. म्हणायच्या, "ही बगा, मागल्या दिवाळीला साडेदहा, आता पावणेदहा. पोटुशी हाय म्हणं. हिच्याकडं जायाला पायजे." आणि छत्री घेऊन निघायच्या. माझ्या वहीवरून त्यांनी किती घरं गाठली त्याचा हिशोब मी ठेवला नाही.

एक दिवस मात्र तापून आल्या. वही मशीनवर आपटली.

"टेलर, तुमची वही खोटी."

मी म्हणालो, "का वं?"

"ह्यात ही बाई साडेनऊ. मी म्हनलं, हाय बरी, सावकाश जाऊ. आज माप घेतलं तर पावणेनऊ."

मी म्हणालो, "खोटी न्हाई, बाई. माया धरलीया."

शिवताना कापड थोडं जास्त कापून शिलाईच्या आत दाबून ठेवतात, त्याला आम्ही माया म्हणतो. पुढं अंग भरलं तर शिलाई उसवायची, ब्लाउज परत अंगात बसतं. मी दंडाचं माप लिहिताना पाऊण इंच माया धरूनच लिहायचो, कापताना परत बेरीज नको. शिंप्याला ते सोयीचं. बाईंना ते ठाऊकच नव्हतं. त्या बाकावर टेकल्या आणि वहीची पानं मागं उलटायला लागल्या. मनात किती बायका मोजत होत्या कोण जाणे. मग म्हणाल्या, "आजपासनं दोन आकडे लिवा. एक बाईचा, एक कापडाचा." आणि वही चाळता चाळता थांबल्या. "घरच्या बाईचं माप कुटंय ह्यात?"

नव्हतं. शिंपी बायकोचं माप घेत नाही. जुनं ब्लाउज समोर टाकायचं आणि त्यावरून कापायचं.

इथं जरा मागचं सांगायला हवं. दोन वर्षांमागं आमचं पहिलं मूल सातव्या दिवशी गेलं होतं. दोन ओंजळींत मावेल एवढं होतं. लोक म्हणाले नजर लागली, मीही तेच धरून बसलो. आता हौसाला परत चौथा महिना लागला होता. हौसा म्हणजे माझी बायको. कुणाला सांगितलं नव्हतं. त्या ठिपक्याच्या भीतीनं ती बाईंच्या समोर यायची नाही, त्या दुकानात आल्या की मागच्या दारानं पाण्याला जायची.

बाई सरळ मागं घरात शिरल्या. हौसा तांदूळ निवडत होती, पळायला वाट राहिली नाही. बाईंनी तिच्याकडं बघितलंही नाही. दोरीवर तिचं ब्लाउज वाळत होतं, ते ओढलं आणि बाही उलटी केली.

आत चार शिलाया होत्या. एकीच्या आत एक.

"ह्या कुणी मारल्या?"

"मीच."

"कवा?"

मला सांगता येईना. ती कधीतरी म्हणायची, आवो, जरा आत घ्या, ढिलं होतंय. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, रेडिओ ऐकता ऐकता मी एक शिलाई मारून द्यायचो. अर्ध्या मिनिटाचं काम. अशी अर्धी अर्धी चार मिनिटं झाली, असंही नाही, दोनच झाली. तेवढ्यात माझी बायको आटत गेली.

बाई म्हणाल्या, "सगळ्या गावाचं लिवून ठेवता, टेलर. हितं तुमच्याच हातनं लिवलेलं हाय, ते वाचता येईना व्हय?"

मग तिचा हात धरला, ठिपका दिला, टेप गुंडाळला. लाल रेघेच्या आत टेप बराच आत गेला. सव्वाआठ.

हौसा खाली बघून म्हणाली, "मला भूकच कमी हाय, बाई."

"भूक कमी न्हाई. भाकरी कमी उरती."

खरं होतं. आमचं घर एस.टी.च्या तोंडावर. गाडी चुकली की माणूस माझ्या बाकावर. मी मोठ्या मनाचा. आतल्या अंगाला तोंड करून ओरडायचो, पावण्यांना ताट वाढ. शिंप्याच्या घरी उपाशी कोणी जात नाही, असं माझं नाव होतं पंचक्रोशीत. ते नाव कुणाच्या ताटातून निघत होतं ते मी बघितलं नव्हतं. बाप्ये जेवले की ती मागं जेवायची, आणि मागं काय राहिलं ते कधी विचारलं नाही. आता लाज वाटून काय उपयोग, पण लिहायला बसलोय तर खरं लिहावं.

मला दंड झाला.

पहिल्या दिवशी ताट वाढून तिच्यासमोर बसलो. तिला घास उतरेना. म्हणाली, "आवो, तिकडं बगा की." मी भिंतीकडं तोंड केलं. पाठीमागं भाकरी मोडल्याचा आवाज आला, मग शेंगदाणा चावल्याचा, आणि मग ती हसायला लागली. मी भिंतीला बसून, ती पाठीमागं हसतेय. त्या भिंतीवरचं पोपड्यांचं चित्र मला अजून पाठ आहे.

एकदा भूक सोसली नाही, मी आधी जेवलो. नेमक्या बाराच्या गाडीनं बाई उतरल्या. ताट बघितलं, वही काढली, पेन माझ्या हातात दिला. सांगितलं, लिवा. मी मापाच्या वहीत लिहिलं, "आज टेलर आधी जेवला." खाली सही घेतली. पुढं महिनाभर बायका मापाला आल्या की ते पान काढून वाचायच्या.

गाडी चुकलेल्या पावण्यांचंही बाईंनी मार्गी लावलं. बाकावर बसलेल्याला विचारायच्या, कुठं जायचंय, मग त्याचं पोट बघायच्या आणि म्हणायच्या, "पायी जावा, तुमाला सोसंल."

दर महिन्याला टेप. पाव इंच सुद्धा नाही, रेघभर वाढायचा. मी एकेक शिलाई उसवत गेलो. उसवून झालं की बाही उजेडात धरून बघायचो, आत दाबलेलं कापड बाहेर आलं की त्याचा रंग नवा निघायचा. नवव्या महिन्यात माप झालं पावणेनऊ. मी म्हणालो, आता झालंच की. बाई म्हणाल्या, "झालं न्हाई. नऊ म्हंजी नऊ. हिला घरी ठिवायची न्हाई." बाळंतपणाला दहा दिवस असताना स्वतः तिला घेऊन घोडेगावला दवाखान्यात गेल्या. पोरगी झाली. तिथला काटा बाईंना पसंत नव्हता, म्हणून आधी काट्यावर पाच किलोची साखरेची पिशवी ठेवून बघितली आणि मगच पोरीला ठेवली. अडीच किलोला थोडी कमी. "थोडी कमी, पन आवाज पुरा हाय," म्हणाल्या. आमची मंदी ती. आता कळंबला दिलीय. तिचा दंड विचारू नका, माझ्या दोन्ही हातांत मावत नाही.

बाईंची पुढं बदली झाली, मग रिटायर होऊन त्या आण्याला गेल्या. माझा दंड तसा पोर झाल्यावर संपला होता. पण सवय राहिली. हौसा आधी जेवायची, मी मागून. बावीस-तेवीस वर्षं. सोयरे आले की बघायचे, कुजबुजायचे, बायलीचा बैल म्हणायचे. म्हणू देत. पुढं पुढं तर ती जेवता जेवता मलाच गावच्या गोष्टी सांगायची आणि हातानं खुणा करायची, भिंतीकडं बघायचं कधीच बंद झालं होतं.

गेल्या आखाडात हौसा गेली. छातीत दुखतंय म्हणाली, मी गाडी बघायला स्टँडावर गेलो, परत येईपर्यंत संपलं होतं. तेवढंच. त्यावर जास्त लिहीत नाही.

नंतर मंदी चार दिवस राहून गेली. मला भाकरी येते, कालवण येतं. ताट वाढायचो आणि बसायचो. पण आधी कुणी जेवायचं तेच ठरेना. समोर दुसरं ताट नाही. वाट बघायचो, कशाची ते कळत नव्हतं. मग झाकून ठेवायचो. शर्ट ढिले झाले, ते मी आत घेतले. अर्ध्या मिनिटाचं काम.

दिवाळीच्या पुढं एका दुपारी स्टँडावर गाडी थांबली आणि छत्री आधी उतरली. केस पांढरे, गमबूट जाऊन चपला आल्या होत्या. आळेफाट्याला, नारायणगावला, मंचरला, घोडेगावला गाड्या बदलत आल्या होत्या. बातमी मंदीनंच कळवली असणार. आत आल्या. वाईट झालं वगैरे काही म्हणाल्या नाहीत. दोरीवरचा माझा शर्ट ओढला आणि बाही उलटी केली.

दोन शिलाया होत्या.

मग पिशवीतून टेप काढला. माझाच. लाल रेघ फिक्की पडली होती, पण होती. "हात," म्हणाल्या. मी दिला. ठिपका दिला, टेप गुंडाळला, आकडा तोंडानं सांगितला नाही. चुलीकडं गेल्या, झाकलेलं ताट उघडलं, सकाळची भाकरी होती.

"टेलर, आदी कोन जेवायचं?"

मी झाकण परत ताटावर ठेवलं.

"आज मी आदी जेवती. तुमी वाडा."

मी वाढलं. त्या सावकाश जेवल्या, दीड भाकरी. बोलत होत्या आण्याच्या दुष्काळाबद्दल, त्यांच्या शेळीबद्दल, तिचाही घेर मोजतात म्हणाल्या. जेवण झालं, हात धुतला, मग माझं ताट वाढून माझ्यासमोर सरकवलं. मी बसलो. घास उतरेना.

बाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि मग भिंतीकडं तोंड करून बसल्या.

"मी बगत न्हाई. जेवा."

मी जेवलो. पुरी एक भाकरी. त्यांच्या पाठीकडं बघत.

चारच्या गाडीनं त्या गेल्या. टेप नेलाच. संध्याकाळी बघतो तर फळीवरची जुनी वही मशीनवर, बाईंनी ते पान शोधून काढलेलं. "आज टेलर आधी जेवला" ह्या माझ्या ओळीखाली त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, "आज टेलर मागून जेवला. दंड पावणेनऊ, माया न धरता." सहीला जागा सोडली होती.

सही केली. पुढच्या महिन्यात मोजायला येणार आहेत. तोवर पाव इंच भरायचाय.